सीधी की उलटी?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार चाचींचे. हिंगोलीतल्या ज्या स्वस्त मालाच्या दुकानात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथे बिल झालं, की त्या गिऱ्हाइकाकडे झुकून हळूच विचारायच्या, "सीधी की उलटी?"

प्रश्न पिशवीचा असायचा. तिच्यावर दुकानाचं नाव लाल, ठळक अक्षरांत होतं. ते गल्लीत दिसू नये म्हणून चांगल्या घरच्या बायका पिशवी उलटी करून मागत. तुम्हीही अशा पाहिल्या असतील. एक मास्तरीणबाई दर वेळी म्हणायच्या, "कामवालीसाठी घेतलंय हो."

"व्हय, तुमच्या कामवालीला हाच साबन लई आवडतो," चाची गंभीरपणे म्हणायच्या. बाई बाहेर पडल्या, की आम्ही पोट धरून हसायचो.

मी बी.ए. झालो होतो, आमच्या घराण्यातला पहिलाच. बी.एड.ला नंबर लागेपर्यंत तिथे बिलं करत होतो.

एक दिवस आमच्या गावाहून, डोंगरकड्याहून, आई आली. विटकं लुगडं, पायांत रबरी चपला. दुकानातला एक स्टीलचा डबा घेऊन बिलाच्या रांगेत उभी राहिली. तिच्या मागेच माझ्या कॉलेजचे सर उभे होते. मी मान वर न करता विचारलं, "बाई, पिशवी उलटी करून देऊ?"

आई क्षणभर थांबली. "न्हाई जी. सीधीच द्या. नाव दिसू द्या."

ती गेल्यावर चाची जवळ आल्या. "अम्मा है ना तेरी? नाक बघून कळतंय." मी बिलाचं पुस्तक चाळू लागलो. "पोरगं हितं काम करून राहिलं, हे गावाला दाखवायचंय तिला. अन् तू तिला बाई म्हणला?"

त्या तशाच स्टँडवर गेल्या आणि आईला चहा पाजून एसटीत बसवून आल्या. माझ्याशी मात्र दिवसभर बोलल्या नाहीत.

आता मी वसमतला शिक्षक आहे. ते दुकान बंद झालं, चाची परभणीला लेकीकडे गेल्या. मागच्या आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं:

"चाची, सलाम. नातीकडून वाचून घ्या. त्यानंतर आई दुकानात पुन्हा का आली नाही, हे मी काल तिला विचारलं. ती म्हणाली, 'चाचीनं स्टँडवर सांगितलं व्हतं, घरच्या मानसाशी बोललं की मालक कामावरून काढतो. तुझं काम जाऊ नये म्हनून न्हाई आले.' चाची, असा नियम आपल्या दुकानात कधीच नव्हता. सरांसमोर मला लाज वाटली म्हणून मी 'बाई' म्हटलं, हे खरं ते मी तिला सांगितलं.  ती उठून त्याच स्टीलच्या डब्यातली घरची हळद बांधू लागली. म्हणाली, 'त्यांना पाठव.' सोबत पाठवली आहे."