डावीकडचा कॉक

परवा रामदासपेठेतून निघताना पुतण्यानं नवी गाडी जरा दामटली आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली. "काकू, टर्बो आहे," तो म्हणाला. माझा हात आपोआप डॅशबोर्डकडे गेला, कॉक शोधायला.

ऐंशीच्या दशकात हे उमरेडच्या कोळसा खाणीत फिटर होते. भंगारातल्या यंत्राचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, ह्यांनी आमच्या जुन्या जीपला बसवला. त्याचा दाब कमीजास्त करायचा पितळी कॉक डॅशबोर्डवर होता, पण माझ्या बाजूला, ह्यांचा हात पोहोचणार नाही इतका लांब.

"तुमच्याकडं काहून नाही लावला?"

"इकडं जागाच नोती."

म्हणून दर रविवारी मला कामं टाकून सोबत बसावं लागे. एकदा चढावर हे म्हणाले, "घुमव वं, काहून भेऊन राहिली?" मी कॉक फिरवला. शिट्टी चढली, दाबाच्या घड्याळाचा काटा थरथरत माझ्याच नेलपॉलिशनं ओढलेल्या लाल रेघेला टेकला. त्यापुढं इंजिन फुटणार, हे ह्यांनीच सांगितलेलं. मी ओरडून कॉक बंद केला. हे खदखदून हसले. डिझेलच्या वासानं माझं डोकं उठलं होतं.

हे गेल्यावर जीप विकायला काढली. मिस्त्रीनं डॅशबोर्ड उघडला आणि बघतच राहिला.

"काकू, स्टिअरिंगजवळ कॉकासाठी भोक पाडलेलं होतं. ते बुजवून भाऊंनी पाईप तिकडं काहून नेला?"

मी म्हटलं, "इकडं जागा नोती."