विमलाबाईंची बाटली

शनिवार पेठेतल्या डॉक्टर सरोजिनी आगाशे यांच्या दवाखान्यात तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की विमलाबाई सरळ सांगत, "पोरांची शू धरायची." ऐकणारा हसला की त्यांना राग येई. हसायचं काय त्यात? तान्ह्या पोराची लघवी स्वच्छ बाटलीत, मधल्या धारेतून, बाटली कुठेही न टेकवता पकडून दाखवा आणि मग खुशाल हसा! वीस वर्षांत त्यांच्या चार-पाच साड्या त्यापायी कामातून गेल्या, पण लॅबमध्ये पाठवलेला नमुना कधी खराब म्हणून परत आला नाही.

हा हट्ट उगीच नव्हता. त्यांची चंपा लहानपणी सारखी तापायची, शू करताना रडायची. त्यांच्या गावात, धायरीत, सगळ्यांचं एकच म्हणणं, उन्हाळी लागली. विमलाबाईंनी सब्जा पाजला, धण्याजिऱ्याचं पाणी पाजलं. डॉक्टरबाईंकडे आणेपर्यंत तिच्या एका मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहिले होते. पोरीला दाखवायला म्हणून आलेल्या विमलाबाई मग तिथेच कामाला लागल्या. चंपा पुढे शिकली, लग्न होऊन नगरला गेली, सगळं मार्गी लागलं. सब्जाची ती वाटी मात्र विमलाबाईंच्या मनातून काही जाईना.

दोन हजार सहा सालच्या एका शनिवारी अकराच्या सुमाराला रुपाली आली. कडेवर आठ महिन्यांची सलोनी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. रुपाली मूळची यवतमाळची, नोकरी हिंजवडीत, नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत. दोन महिन्यांत सलोनीला हा तिसरा ताप. आधी दोनदा घराजवळच्या डॉक्टरांनी अंदाजाने एकच अँटिबायोटिक दिलं होतं. ताप उतरला, पुन्हा चढला.

"दात येतायत म्हणून असेल का हो?" तिने विचारलं.

"दात येताना दात येतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकशे तीन ताप येत नाही. सर्दी नाही, खोकला नाही, घसा-कान स्वच्छ. लघवीत जंतू असावेत. पण आधी नमुना, मग औषध. औषध पोटात गेलं की रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. आज शनिवार, लॅब एक वाजता बंद. तोवर मिळालं नाही तर मलाही अंदाजानेच औषध द्यावं लागेल, तिसऱ्यांदा. हे असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडांना धोका असतो. शेवटची शू कधी केली?"

"आत्ताच," रुपाली जरा कौतुकाने म्हणाली. "रिक्षात नको म्हणून निघतानाच करवून आणली."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "छान. रिक्षावाल्याला बरं वाटलं असेल."

विमलाबाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. शहाण्यासुरत्या आया नेमकं हेच करून येतात, त्याला त्या तरी काय करणार? त्यांनी सलोनीला साध्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि रुपालीला तिला पाजायला बसवलं.

"राहता कुठं?"

"धायरीला. नव्या पाण्याच्या टाकीसमोर."

"ती पिवळी बिल्डिंग व्हय? आमचं वांग्याचं वावर हुतं तिथं."

रुपाली ओशाळली. "सॉरी हं, मावशी."

"सॉरी कशापायी? वांगी किडकीच यायची."

बारा वाजून गेले. विमलाबाईंनी कापसाचा बोळा गार पाण्यात बुडवला आणि गारव्याने शू यावी म्हणून सलोनीच्या बेंबीखाली हळूहळू गोल फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या हातात झाकण काढलेली बाटली. पोरीचे पाय आखडले, आता होणार, इतक्यात मोबाइल वाजला. "बॉस!" म्हणून रुपाली वळली, तिच्याबरोबर सलोनी वळली, आणि धार अर्धी लॅपटॉपच्या बॅगेवर, अर्धी विमलाबाईंच्या साडीवर. बाटली कोरडी ठणठणीत.

विमलाबाईंच्या तोंडावर आलेलं वाक्य लिहिण्याजोगं नव्हतं. पण रुपाली तोवर रडायला लागली होती. "मला काही म्हणजे काही जमत नाही!"

"असं म्हनू नगा," विमलाबाई म्हणाल्या. "माझी पोर तापानं फणफणत हुती, आन् मी सब्जा पाजत बसले. तुम्ही निदान इथवर आलात. डोळं पुसा, पाजा तिला."

पाऊण वाजला. या खेपेला विमलाबाईंनी सलोनीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि बाटली रुपालीच्या हातात दिली. "आता तुम्ही धरा. पुन्यांदा कधी वेळ आली, तर घरी मी न्हाई यायची."

बोळा फिरू लागला. मोबाइल पुन्हा वाजला. वाजून वाजून थांबला. रुपालीने मान वळवली नाही. आणि झाली! पहिली धार तिने जाऊ दिली, मग बाटली पुढे केली. हात कोपरापर्यंत भिजला, पण बाटली अर्धी भरली.

"मिळाली!" विमलाबाई अशा ओरडल्या की बाहेर बसलेल्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नंतर," केबिनमधून आवाज आला. "लॅब!"

विमलाबाई ओल्या साडीनेच कोपऱ्यावरच्या लॅबकडे धावल्या. शटर अर्धं खाली आलं होतं. त्या वाकून आत शिरल्या.

नमुना गेल्यावर डॉक्टरबाईंनी नवं औषध सुरू केलं. सोमवारी रिपोर्ट आला. नमुना स्वच्छ निघाला, जंतू एकच होता आणि तो आधी दोनदा दिलेल्या औषधाला मुळीच जुमानत नव्हता. नवं औषध मात्र बरोबर लागू पडलं होतं. ताप उतरला, सोनोग्राफी झाली. "दोन्ही मूत्रपिंडं उत्तम आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि रुपालीच्या आधी विमलाबाईंनीच पदराने डोळे पुसले. त्यांना फार फार बरं वाटलं.

संध्याकाळी चंपाचा नेहमीप्रमाणे फोन आला. तिचा ठरलेला प्रश्न, "आई, आज किती पकडल्यास?"

"आज येकबी न्हाई. पर शनिवारच्या पोरीची दोन्ही शाबूत हायत बघ, चंपे."

चंपा हसत म्हणाली, "सब्जा संपला होता वाटतं त्यांच्याकडचा!"

इतक्या वर्षांत सब्जाचं नाव निघाल्यावर विमलाबाई पहिल्यांदाच हसल्या.