गळ्याचं कात्रण

दुपारची जेवणं आटपलीत, भांडी पालथी पडलीत आणि अनुसया पोरे कात्रणांच्या गाठोड्यावर डोकं टेकवून लवंडलीय. झोपायचा तिचा अजिबात इरादा नाही. डोळे मिटून जरा विचार करायचा, एवढंच. आपण जन्मात कधी दुपारी झोपलो नाही असं ती स्वतःलाच बजावतेय आणि बजावता बजावता पापण्या जड होताहेत.

विचार एकच आहे. ही गाठोडी पेटवून द्यायची का?

गाठोडी तिच्या नवऱ्याची, वामन टेलरची. चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवून मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले आणि मागे अकरा गाठोडी ठेवून गेले. त्यांची गोधडी करून शनिवारी बचत गटाच्या प्रदर्शनात मांडायची असं अनुसयेने हौसेने ठरवलं. आठवडाभर खपून तिने तुकडे रंगवार लावले, हिरव्यात हिरवे, तांबड्यात तांबडे. वेडेवाकडे होते ते कातरून चांगले चौकोनी केले. अन् आज सकाळी समोरच्या शकूताई देशमाने डोकावल्या, त्यांनी हिरव्या खणाचा एक चौकोन उचलला, उजेडात धरला.

"अगं, हा तर थोरलीच्या लग्नात मी घातलेल्या झंपराचा! मास्तर म्हणालेले, खण जेमतेम पुरला. मग ह्यो चौकोन कुठनं आला?"

वर हसल्याही. त्या हसण्याने अनुसयेच्या अंगाची लाही लाही झाली. शिंप्याच्या घरात गिऱ्हाइकाचं कापड सापडलं तर लोक काय म्हणतात, हे शिंप्याच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही. खरं जिव्हारी लागलं ते वेगळंच. मास्तरांनी हे तुकडे का साठवले, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मशीनचा आवाज येतोय.

"कोन हाय?"

"कोन असनार?"

खिडकीपाशी मास्तर बसलेत. गळ्यात टेप, कानावर निळा खडू, पाय मशीनच्या पायट्यावर. मशीन विकून वर्ष झालं हे अनुसयेला पक्कं आठवतंय, पण ते बोलून दाखवावंसं वाटत नाही.

"चष्मा कुठाय तुमचा?"

"तिकडं लागत न्हाय."

ती उठून बसते. जेवलात का विचारावं असं मनात येतं, पण तोंडातून निघतं भलतंच. "शकूताई काय म्हनाल्या, ठावं हाय?"

"ऐकलं."

"मग खरं सांगा. लोकांचं कापड ठिवलं हुतं तुमी?"

मास्तर मशीन थांबवतात. बायकोकडे बघतात. रागावलेले नाहीत, पण पूर्वी उलटी बाही जोडलेली दिसली की जसे बघायचे तसे बघतात. मग उठतात, तिच्या उशाचं गाठोडं खांद्यावर टाकतात आणि चालू लागतात. ती मागोमाग निघते. माजघर ओलांडलं की आठवडी बाजार लागतो. कांद्याच्या ढिगापलीकडे, कासाराच्या शेजारी मास्तरांचं कापायचं टेबल मांडलेलं आहे आणि टेबलासमोर सगळं गाव रांगेत उभं आहे. जो तो मास्तरांनी शिवलेलं घालून आलाय. आळीतली पोटुशी गंगू आणि तीच गंगू सहा वर्षांची, झालरीच्या फ्रॉकात, अशा दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही.

सगळ्यांत पुढे शकूताई, तीस वर्षांनी तरुण, हिरव्या खणाच्या झंपरात.

मास्तर गाठोड्यातून एक हिरवा तुकडा काढतात. अनुसयेने कापलेला चौकोन नव्हे, अख्खा तुकडा, अर्ध्या भाकरीच्या आकाराचा. तो ते शकूताईंच्या गळ्याशी नेतात आणि झंपराच्या गळ्यात अलगद बसवतात. सूत सुताला मिळतं. खणाची नक्षी इकडून तिकडे न तुटता जाते. झंपर गळ्यापर्यंत बंद होतो.

"घ्या शकूताई, तुमचं कापड. टाकू शिवून?"

शकूताई मान हलवून बघतात. "अवं मास्तर, मग डोस्कं कुठनं घालू?"

सगळा बाजार खो खो हसतो, कासारसुद्धा. मास्तर मात्र हसत नाहीत. ते अनुसयेकडे वळतात.

"गळा कापल्याबिगर झंपर व्हत न्हाय. जे खाली पडतं ते कापड न्हवं, कात्रन. दर बाईला इचारलं, न्हेतीस का? समद्या म्हनाल्या, टाका. मला काय टाकवंना."

"मग मला कवा बोलला न्हाई ते?"

"तुला दिसंल असं वाटलं. तू शिंप्याची बायकू." ते गाठोड्यातून तिने कापलेला चौकोन काढतात, उलटा करतात, सुलटा करतात. "ह्याचं चौकोन का केलंस? चोर चौकोन ठिवतो गं. गळा कोन चोरंल?"

अनुसयेला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपणच आपल्या हाताने कातरून नवऱ्याला चोर केलं! तिला रडू येतंय, पण मास्तर तिला खाली बघ म्हणतात. पायाखाली बाजार नाहीच. गोधडी आहे, पार ओढ्यापर्यंत पसरलेली, सगळ्या अर्ध्या भाकऱ्या, आणि गाव अनवाणी तिच्यावर फिरतंय, आपापला तुकडा शोधतंय.

"चाळीस वर्सं," मास्तर म्हणतात, "रोज सकाळी समदं गाव माझ्या गळ्यातनं डोस्कं भाईर काढतंय. कुनाला कवा काचलं न्हाय."

असं स्वतःचं कौतुक जिवंतपणी त्यांनी एकदाही केलं नव्हतं. अनुसयेची छाती भरून येते. हा आपला माणूस, असं तिला सगळ्या बाजाराला ओरडून सांगावंसं वाटतं. मास्तर तिच्या हातात काहीतरी ठेवतात आणि बोटं मिटवतात.

"घट धर. पडंल तसंच लाव."

मशीनचा आवाज वाढतोय, वाढतोय, आणि तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा आहे.

अनुसया उठून बसते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलंय. खिडकीपाशी कुणी नाही. उजवी मूठ मात्र इतकी आवळलेली की नखं रुतलीत. ती मूठ उघडते. आत हिरव्या खणाच्या तीन गोल कडा आहेत. चौकोन करताना कातरलेल्या त्या कडा तिने बाकीच्या कपच्यांबरोबर चुलीजवळच्या डब्यात टाकल्या होत्या, जाळायला. गोल कडेला निळ्या खडूची बारीक रेघ अजून आहे.

ती सकाळचा चौकोन मांडीवर घेते. एक कड इकडे, एक कड तिकडे, एक खाली. अर्धी भाकरी पुरी होते. खडूची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, कुठे थरथरलेली नाही.

अनुसया बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसते. मग उठते, चुलीजवळचा डबा उचलून गाठोड्यांशेजारी आणून ठेवते, पदर खोचते आणि ओसरीवर येऊन सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारते.

"शकूताई! थोरलीच्या लग्नातला झंपर हाय का वो अजून पेटीत? घिऊन या. आन येताना आळीतल्या समद्या बायकास्नी संगट आना!"