रुधिराभिसरण, रंग पक्का

माझ्या मुलीला रुधिराभिसरण शिकवता शिकवता मी एक नऊवारी अन् दोन परकरांचं कापड विकलं. दोन्ही कामं एकाच वेळी झाली, एवढीच काय ती चूक.

आमची अनु आठवीत. तिला डिस्लेक्सिया आहे. म्हणजे डोकं तल्लख, पण छापील अक्षरं तिच्यासमोर एका जागी उभी राहत नाहीत. हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी तिला 'आळशी' म्हणायचो. (मोठ्यानं! पाहुण्यांसमोर!) मग तिच्या आईनं, मंदानं, फोनवर ध्वनिपुस्तकं शोधून दिली आणि पोरीनं कानांनी गोष्टींचा फडशा पाडला. विज्ञानाचा धडा मात्र कुठं सापडेना. अन् शाळेतल्या मॅडमनी तर सांगितलेलं, "हा एक धडा तोंडी विचारते. जमलं तर वर्षभर तोंडीच घेऊ. नाही जमलं, तर लेखी." लेखी म्हटलं की अनुच्या हातातला घास हातातच राहायचा.

"अहो, तुम्हीच वाचून रेकॉर्ड करा की," मंदा म्हणाली. "मी वाचलं की ती म्हणते, आई रागावल्यासारखी वाचते."

"त्यात काय! चहा होईस्तोवर करतो!"

हे बोलणारा माणूस लग्नपत्रिकासुद्धा "चष्मा घरी राहिला, जरा वाचा बरं" म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे मी त्या क्षणी सोयीस्कर विसरलो.

रेकॉर्डिंग घरी जमेना. आम्ही राहतो चिकलठाण्याला, विमानतळाशेजारी. 'हृदय' म्हटलं की डोक्यावरून विमान! मग मला सुचलं, गुलमंडीतलं आपलं दुकान! चारी भिंतींना कापडाचे तागे, बाहेरचा आवाज आत येणार नाही. (आतल्या आवाजाचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.)

पुस्तक उघडलं. रुधिराभिसरण! शब्द कसला, मालगाडीच! "रुधि… रुधिरा… अभिस… जाऊ दे," असं म्हणत मी पुढं सरकलो. ओळी एकमेकींत घुसायला लागल्या. घाम फुटला. भागीदार सलीमभाईंनी गल्ल्यावरून मान वर केली.

"क्या भाई, रेडिओ स्टेशन खोले क्या?"

"पोरीचा धडा हाय."

"तो पसीना तुमको काय कू?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आता कापडवाल्याच्या दारात आलेलं गिऱ्हाईक अन् देवाच्या दारात आलेला भक्त, दोघांनाही 'थांबा' म्हणता येत नाही. मी एका हातात पुस्तक, दुसऱ्यात नऊवारी धरली. फोन आपला ऐकत राहिला.

रात्री मंदानं ते ऐकलं. "अहो, मधे गिऱ्हाईक बोलतंय!"

"असू दे. पोरीला कळतंय, धडा कुठला अन् दुकान कुठलं."

"मग पुन्हा करा की रेकॉर्ड."

"पुन्हा?" मी असा दचकलो, की तिला वाटलं पाल पडली अंगावर. पहिल्यांदा वाचायलाच अख्खी दुपार गेली होती, हे सांगणार कसं?

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी आम्हालाही समोर बसवलं. अनुनं हाताची घडी घातली अन् डोळे मिटले. मी तर देवच पाण्यात घातले होते.

"रक्ताचा रंग लाल का असतो?"

"रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून. रंग पक्का हाय ताई, ओला रुमाल घासून बघा!"

मॅडमचा पेन थांबला. "बरं… हृदयाचे कप्पे?"

"चार. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. डावीकडचा माल उजवीकडं मिसळू नका, सलीमभाई!"

मंदानं मला कोपर मारलं. मी भिंतीवरच्या घड्याळात लपायचा प्रयत्न केला.

"या सगळ्या क्रियेला काय म्हणतात?"

"रुधि… रुधिरा… अभिस… जाऊ दे."

"जाऊ दे? असं धड्यात कुठंय?"

"बाबांच्या धड्यात आहे, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवला. झालं, आता वर्षभर लेखी, मी मनात म्हटलं. पण त्या म्हणाल्या, "अनु, आता पाठ केलेलं नको. तुझ्या शब्दांत सांग. रक्त फुप्फुसांकडं कशाला जातं?"

अनुनं डोळे उघडले. "ऑक्सिजन आणायला. बाबा सुरतेला जातात ना, तसं. जाताना रिकामे, येताना गठ्ठे. मग गल्लोगल्ली वाटप. अन् हृदय म्हणजे सलीमचाचा, बसल्या जागेवरून सगळ्यांना पळवतात!"

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. "वर्षभर तोंडी," त्या म्हणाल्या. मग धडा माझ्यासमोर सरकवला. "तुम्ही जरा ही ओळ वाचता का?"

"चष्मा घरी राहिला, मॅडम."

"बाबा," अनु हळूच म्हणाली, "डोळ्यांवर आहे."

झालं! मग मी सगळं सांगून टाकलं. माझ्यापुढंही पळणारी अक्षरं, त्यापायी लहानपणी खाल्लेल्या छड्या, बायकोपासून लपवलेल्या पत्रिका, सगळं. मंदा म्हणाली, "म्हणजे आळशी कोण, ते आत्ता कळलं."

अनुनं मात्र त्याच संध्याकाळी फोनवर बोलून लिहायचं कसं, ते मला शिकवलं. हा लेखही मी दुकानात बसून तसाच बोललोय. पुन्हा वाचून तपासायचं बळ नाही, तेव्हा मधे कुठं काही वावगं आलं असेल तर वाचकांनी… या ताई, बसा! रंग पक्का हाय, ओला रुमाल घासून बघा!