लोखंड बाहेर ठेवून

हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही. मी पडले. एकदा नाही, रोज पडले, आणि त्यावर आमच्या मोरा गावात अजून कुणाला काही बोलायचं असेल तर खुशाल बोलावं.

झालं असं की आमच्याकडे आणि ऐरोलीला नवऱ्याकडे एकाच संध्याकाळी हळद लागली, आणि उजाडायच्या आत त्याचा सख्खा चुलता गेला. हळद लागल्यावर सुतक लागत नाही, असं काही जाणती माणसं म्हणाली. काही म्हणाली, लागतं. पण ज्याच्या खांद्यावर बसून तो मुलगा जत्रा बघत मोठा झाला, त्याला पोचवून आल्या आल्या मांडवात अक्षता कोण टाकणार? लग्न सुतक फिटेपर्यंत पुढे गेलं. मी मात्र पिवळीच राहिले. आता उंबरा ओलांडायचा नाही, कुणाच्या नजरेला पडायचं नाही, आणि कमरेचं लोखंड क्षणभरही सोडायचं नाही.

लोखंड म्हणजे अडकित्ता. हळदीच्या अंगाला बाहेरचं चटकन लागतं, लोखंड असलं की ते जवळ येत नाही, असं आमच्यात मानतात. हा अडकित्ता माझ्या आत्याचा. तिच्या लग्नात तिच्या कमरेला होता, माझ्या आईच्या लग्नात आईच्या. आत्याने तो पिवळ्या दोऱ्याने माझ्या कमरेला बांधला आणि गाठीवर गाठ मारली. आत्या उरणच्या बाजारात मासळी विकते. तिला उलट बोलायची कुणाची टाप नाही, माझी सोडून.

आता माझी नोकरी नेमकी अशी, की तिथे लोखंड चालत नाही.

सूर्यावर काही उसळलं की त्याचा पृथ्वीवर काय परिणाम होतो, हे आम्ही मोजतो. जासईचे कंटेनर यार्ड मागे टाकून आत गेलं की टेकडीच्या आडोशाला आमची एक खोली आहे. खोली कसली, झोपडीच. तिच्या बांधकामात लोखंडाचा एक खिळा नाही. बिजागऱ्या पितळेच्या, कुलूप पितळेचं, किल्लीसुद्धा पितळेची. आत दोन यंत्रं. एक पृथ्वीचं चुंबकत्व रात्रंदिवस आपोआप नोंदवत असतं, आणि ते खरं बोलतंय ना हे बघायला दुसऱ्यावर माणसाने हाताने मोजायचं. ही यंत्रं इतकी हळवी, की खिशात साधी किल्ली राहिली तरी रेघ हलते. म्हणून दाराबाहेर एक ॲल्युमिनियमचं ताट ठेवलंय. मोबाईल, पट्टा, चाव्या, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, सगळं त्यात काढायचं आणि मग आत जायचं. माझे तर आत घालायचे कपडेच वेगळे आहेत. हुक काढून बटणं लावलेले, चेनच्या जागी नाडी. ते शिवून देताना आई म्हणाली होती, की एवढं सोवळं तर आमच्या देवळातसुद्धा नाही.

लोक विचारतात, याचा उपयोग काय. माझा भाऊ बोट घेऊन समुद्रात जातो आणि मोबाईलवरच्या नकाशाला विचारून परत येतो. त्या नकाशाला रस्ता सांगणारे उपग्रह वर आहेत, आणि सूर्य खवळला की त्यांचा निरोप अडखळतो. मी एवढंच सांगते. ज्याला पटायचं त्याला पटतं.

सूर्य सध्या ऐन भरात आहे. अशा वर्षांत रोज काही ना काही घडतं, आणि एक दिवस चुकला तर तो परत मिळत नाही. मी लग्नाची रजा घेतली होती, पण लग्नच पुढे गेलं तर रजा कशाची? घरात पिवळी होऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांचे सुस्कारे ऐकायचे? कुणीतरी तर म्हणूनही गेली की मुलीचा पायगुण दिसतोय. आईने ते ऐकलं आणि आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच. माझं डोकं फिरलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, काकांना तुझं ते सूर्याचं खूळ फार आवडायचं, तू जा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घातली.

आत्या दारात आडवी उभी राहिली. मग माझं तोंड बघून बाजूला झाली, पण बोट उगारून म्हणाली, "जातेस तं जा. पन आंगावरचा लोखंड काडलास तं माज्याशी गाठ हाय."

बसमध्ये सगळे माझ्या हातांकडे बघत होते. बघू देत. मीही त्यांच्याकडे बघितलं.

ताटापाशी मी अडकित्ता सोडला. गाठ सुटायला वेळ लागला, दातांनी ओढावी लागली. ताटात ठेवला, आत गेले आणि मोजायला बसले. भीती वाटली का, तर वाटली. लहानपणापासून ऐकलेलं असतं ते काही कपड्यांसारखं बदलता येत नाही. कमरेला सारखं रितं रितं वाटत होतं. तरी बसले.

दुपारी ऑफिसमध्ये स्क्रीनवर दिवसाची रेघ बघितली आणि खुर्चीतून उठलेच. मी आत मोजत असताना, ऐन उन्हाच्या वेळी, सरळ चाललेली रेघ एकदम वर उसळली होती आणि मग सावकाश उतरत खाली आली होती. मासळीच्या गळासारखा बाकदार आकडा. सूर्यावर भडका उडाला की त्याचे किरण आठेक मिनिटांत इथे पोचतात, वरची हवा विद्युतभारित करून विजेला मोकळी वाट करून देतात, आणि जमिनीवरची आमची रेघ असा आकडा काढते. पुस्तकांत शंभरदा बघितलेला. स्वतः आत बसलेली असताना मिळालेला हा माझा पहिला. उपग्रहांनीही त्या सुमाराला एक भडका टिपला होता, मध्यमसा. मी सरांना बोलावलं.

सर आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल. त्यांनी रेघ बघितली, वेळ बघितली, मग माझे पिवळे हात बघितले आणि हसले. मायेने हसले, हेच जास्त लागलं. म्हणाले, "अगं, त्यात लाजायचं काय? माझ्या बहिणीनेही ठेवला होता. हळदीची मुलगी लोखंड सोडत नाही, मला माहीत आहे."

मी सांगितलं की अडकित्ता बाहेर ताटात होता. ते म्हणाले, असेल, असेल. मी म्हटलं, लोखंड कमरेला असतं तर मी आत गेल्याबरोबर रेघ उडाली असती, मध्येच कशी उडेल? ते म्हणाले, मध्ये वाकली असशील. मी म्हटलं, मग ही सावकाश उतरली कशी? ते म्हणाले, भडका मध्यमच होता, त्याचा एवढा मोठा आकडा येत नाही, थोडं सूर्याचं आणि थोडं तुझं, आता कुठलं कुठलं ते वेगळं काढता येणार नाही. असंच मोजणाऱ्या दुसऱ्या केंद्राची नोंद यायला अवकाश होता आणि तोवर थांबायचीही त्यांना गरज वाटली नाही. तेवढा तुकडा खराब म्हणून कापायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि झोपडीची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. लग्न होईस्तोवर दुसरं कुणी मोजेल, नंतरचं नंतर बघू, तुझाही तिकडे संसार सुरू होईल. हेही मायेनेच.

आमच्याकडे 'नंतर बघू' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. माझ्याआधी दोघी गेल्या होत्या त्याच वाटेने, पेढे वाटून.

घरी अडकित्त्याची गाठ बदललेली आत्याने लांबूनच ओळखली. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. काढला होता म्हटलं, आणि सगळं सांगितलं, किल्लीपर्यंत. वाटलं आता आत्या घर डोक्यावर घेणार. पण तिने वेगळंच विचारलं. "तू काडला म्हनलीस, तरी त्याला खरा नाय वाटला?" मी नाही म्हटलं. आत्याने पदर कमरेला खोचला. बाजारात तिच्या पाटीतल्या मासळीला कुणी शिळी म्हटलं, की ती आधी असाच पदर खोचते.

सकाळी मी सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, तुम्ही माझी हळद बघितलीत. मी काय सांगते ते ऐकलं नाहीत."

मी पुढे म्हटलं की कापायचं तर कापा, पण आधी हाच अडकित्ता आत नेऊन बघू. लोखंडाची रेघ कशी येते ती सगळ्यांसमोर येऊ दे. तिचा आकडा माझ्या आकड्यासारखा दिसला तर मी आपणहून किल्लीचं नाव घेणार नाही. सर चिडले नाहीत. कंटाळल्यासारखे हो म्हणाले.

ठरल्या दिवशी आत्या माझ्याबरोबर आली. अडकित्ता माझा हाय, मी नेनार, एवढंच तिचं म्हणणं. नऊवारी नेसून, आबोलीची वेणी माळून ती टेकडी चढली आणि ताटापाशी आमचा सगळा विधी नीट बघून घेतला. मग अंगावरच्या पिना काढल्या, चांदीचं चालेल ना, सोन्याचं चालेल ना, असं एकेक विचारत. हे सोवळं तिला आईपेक्षा जास्त पटलेलं दिसलं. सरांनीही चाव्या, पट्टा, घड्याळ ताटात ठेवलं. ते झोपडीकडे क्वचितच येत. त्यांचं काम ऑफिसातलं. आमचा एक सहकारी हाकेच्या अंतरावरच्या खोलीत स्क्रीनपुढे बसला.

आधी झोपडी रिकामी ठेवली. रेघ सरळ. आत्या अडकित्ता कमरेला लावून आत गेली, आणि सहकाऱ्याने ओरडून सांगितलं की रेघ उडाली. आत्या बाहेर आली, रेघ धपकन खाली. जिन्याची पायरी जशी असते तशी, उभी वर आणि उभी खाली. मग आत्याला आत वाकायला सांगितलं. ती वाकली, उठली, पुन्हा वाकली, आणि वर विचारलं की फुगडी घालू का. रेघेला नुसते हिसके बसले. सावकाश उतार एकदाही आला नाही.

सर म्हणाले, यंत्राच्या अगदी जवळ धरून बघायला हवं, आणि स्वतः अडकित्ता घेऊन आत गेले. पायरी वर. त्यांनी अडकित्ता दारातून माझ्या हातात दिला आणि यंत्राशी वाकून नीट बघू लागले. मी तो लांब नेऊन ठेवला.

सहकाऱ्याने हाक मारली की रेघ उतरली, पण पुरती उतरली नाही. जराशी वरच अडकली आहे.

सरांनी आतूनच विचारलं, माझ्या केसांत पीन राहिली आहे का. मी दारात उभी होते, आत नव्हतेच. आत्याकडे काही आहे का, म्हणाले. आत्या तर ताटापाशी. झोपडीत ते एकटे होते. आणि मग मला त्यांचा हात दिसला, यंत्राच्या टोपणावर टेकलेला. मधल्या बोटात एक काळपट अंगठी. घोड्याच्या नालेची. शनीची पीडा होऊ नये म्हणून घालतात ती. इतकी वर्षं रोज बघितलेली, की मलाही ती दिसायची बंद झाली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, तर हा माणूस अक्षरशः वाकलेला होता.

"सर, अंगठी."

त्यांनी हाताकडे बघितलं. लगेच ओढायला लागले, पण ती सुटेना. बोट सुजलं होतं, की अंगठी बोटात रुतली होती, कोण जाणे. ते बाहेर आले आणि सहकाऱ्याने न विचारता सांगितलं की आता रेघ जागेवर आली. सर ओढतच होते, कानांपर्यंत लाल होऊन. शेवटी आत्या उठली, पाण्याची बाटली आणि हात धुवायचा साबण घेऊन आली, आणि विभागप्रमुखांचा हात आपल्या हातात घेऊन पापलेट साफ करावं तसा शांतपणे चोळायला लागली. चोळता चोळता म्हणाली, "साडेसाती सगल्यांनाच लागते, सायेब. माज्या भाचीनं हलदीच्या आंगावरचा लोखंड काडून ठेवला. तुमच्यासाठी नाय, कामासाठी. तिला तुमी खोटी ठरवलंत."

अंगठी निघाली. तिच्याखालचं कातडं पांढरं, कधी ऊन न बघितलेलं. सरांनी ती ताटात ठेवली, अडकित्त्याशेजारी. चुकलं, असं ते म्हणाले का? नाही. ते म्हणाले की तो तुकडा कापायचा नाही, जसा आहे तसा ठेवायचा. पुढे दुसऱ्या केंद्राची नोंद आली, तिच्यातही त्याच वेळी तसाच आकडा होता, पण तोवर मला त्याची गरज उरली नव्हती.

आत्याने माझ्या कमरेला अडकित्ता पुन्हा बांधला. या वेळी एकच गाठ मारली, एका हाताने सुटेल अशी. लग्न सुतक फिटल्यावर साधंच झालं, आणि माझा पायगुण काढणारी बाई पहिल्या पंगतीला जेवली.

पण ते नंतर. त्या दिवशी सर गाडीकडे निघाले तेव्हा मी त्यांच्या वाटेत उभी राहिले आणि पिवळा हात पुढे केला.

"किल्ली द्या."

त्यांनी दिली. मी ती खिशात घातली आणि मोजायला परत आत गेले. किल्ली पितळेची आहे, बाहेर ठेवावी लागत नाही.