सिलुंबाच्या दोराबद्दल मानलेले आभार

नामाकाऊ सिताली खासदार झाल्या तरी मी त्यांना बाईच म्हणत आले. झांबेझीच्या पुरात दरवर्षी वेढल्या जाणाऱ्या आमच्या गावातल्या शाळेत त्यांनी मला लिहायला शिकवलं. पुढे मी राजधानीत संसदेची प्रतिवेदक झाले. सभागृहात कोण काय बोललं ते कॅसेटवर ऐकायचं आणि शब्द न शब्द टाइप करायचा, हे माझं काम. त्यामुळे बाई संसदेत जे बोलल्या, ते बहुतेक माझ्याच हातून छापलं गेलं.

पहिल्या दोन वर्षांत त्या चारच वेळा बोलल्या. साठ पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाई सभागृहात उभ्या राहिल्या की समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. कॅसेटवर आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग शब्द. उमेदवारी त्यांनी मागितली नव्हती. आधीचे खासदार वारले, पक्षाला कुणाचीच तक्रार नसलेलं माणूस हवं होतं, आणि ते बाईंच्या रूपाने सापडलं.

चौथ्यांदा त्या बोलल्या ते एकच वाक्य. आमच्याकडे सिलुंबाच्या उताराला नदी ओलांडायला एक लोखंडी तराफा होता. या काठावरून त्या काठापर्यंत पोलादी दोर ताणलेला, त्याच्या आधाराने तराफा ओढत न्यायचा. दोराचे पीळ सुटायला लागले होते. गावकऱ्यांची तीन पत्रं बाईंनी स्वतः वाहतूक मंत्र्यांच्या कचेरीत नेऊन दिली होती, आपल्याकडच्या प्रतींवर पोचेचे शिक्के घेतले होते. मग अर्थसंकल्पाच्या चर्चेच्या दिवशी पक्षाच्या प्रतोदांनी त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली. दोर बदललाय, आभार माना, एवढंच. बाईंनी विचारलं, कुणी पाहिलाय का. प्रतोद हसले.

"बाई, मंत्री म्हणतात बदलला, म्हणजे बदलला. तुम्ही काय आता नदीत उतरून बघणार?"

बाईंनी चिठ्ठी वाचली. बाकं वाजली. "सिलुंबाच्या उताराला नवा दोर बसवल्याबद्दल मी माननीय मंत्र्यांचे आभार मानते," असं मी टाइप केलं आणि पुढच्या पानाला लागले.

सात आठवड्यांनी, पूर चढलेला असताना, बाजाराच्या दिवशी सकाळी दोर तुटला. अकरा माणसं गेली.

अंत्यविधीला मी बाईंबरोबर गेले. होडी काठाला लागली तरी त्या उतरेनात. लोक दगड मारतील, असं त्या पुटपुटत होत्या. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मुशोके नावाचे म्हातारे पुढे आले. त्यांची बायको आणि सून, दोघी बुडाल्या होत्या. आमच्यात मानाच्या माणसाला करतात तसं गुडघ्यावर बसून त्यांनी हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार केला.

"बरं झालं आलात बाई," ते म्हणाले. "रेडिओवर तुमचं ऐकलं होतं, नवा दोर बसला म्हणून. ही तर तराफ्यावर पाय ठेवायला घाबरायची. मीच म्हटलं, अगं, बाई सांगतायत ना, जा आता."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या. परतताना होडीत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशीही तिथे बोटांच्या खुणा होत्या.

पुढच्या आठवड्यात मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं. दोर नवाच होता, लोकांनी तराफ्यावर जास्त माल भरला, असं सांगून त्यांनी छापील वृत्तांत उघडला आणि पान क्रमांकासकट बाईंचं वाक्य वाचून दाखवलं. त्या भागाच्या सदस्या स्वतःच आभार मानतात, यापेक्षा मोठा पुरावा कोणता, असं म्हणाले. ते पान माझ्या हातचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं.

"लिसेली, छापलेलं वाक्य काढता येतं का गं?"

"व्याकरण सुधारता येतं बाई. अर्थ बदलता येत नाही."

"मग माणसाने करायचं काय?"

"नंतर दुसरं बोलायचं. तेही असंच छापलं जातं."

"उभं राहून?"

"उभं राहूनच, बाई."

त्या खुर्चीत बसल्या. माझा डबा उघडाच होता, बुहोबेचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा गोळा आणि सुकी मासळी. त्यांनी एक घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

वैयक्तिक निवेदन करू द्यावं, असा अर्ज त्यांनी सभापतींकडे दिला. कसं कोण जाणे, तासाभरात ते सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून बाईंच्या घरचा फोन वाजायचा आणि उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. फाटकासमोर एक राखाडी गाडी उभी राहू लागली. आतला माणूस रोज सकाळी अदबीने नमस्कार करायचा आणि बाईंच्या नवऱ्याची नाव घेऊन चौकशी करायचा. ते आमच्याकडच्या मोंगू शहरात शेती खात्यात नोकरीला होते. चौथ्या दिवशी त्यांच्या बदलीचा कागद निघाला. फोनवर ते बाईंना एवढंच म्हणाले, की माझं मी बघतो, पण बाहेर कुणी दिलेलं काही खाऊ नकोस.

प्रतोदांनी त्यांना बोलावून चहा पाजला. निदान पुढे केला, बाईंनी कपाला हात लावला नाही. "पक्षातून काढलं की खासदारकी गेली," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "खासदारकी गेली की तुम्ही एक साध्या मास्तरीणबाई. तेव्हा तुमच्यामागे कोण उभं राहणार? मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

मलाही जिन्यात एका गृहस्थाने थांबवलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. "कॅसेट कधीकधी यंत्रात अडकते म्हणे," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, अडकते कधीकधी. तो मान हलवून निघून गेला. मी पुढच्या मजल्यावर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आपण नुसतं खरं उत्तर दिलं की होकार देऊन बसलो, ते मला समजेना.

बुधवारी दुपारी सभापतींनी बाईंचं नाव पुकारलं. त्या वेळेचं काम मी दुसऱ्या प्रतिवेदकाकडून मागून घेतलं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाक धरलं. कॅसेटवर तिथे बावीस सेकंद काहीच नाही, नुसता श्वास. मग मागून आवाज येतात, "बसा खाली", "बाई, घंटा झाली, शाळेत जा", आणि हशा.

"सभापती महोदय," बाई म्हणाल्या, "मी या सभागृहात जे वाक्य वाचलं, ते मला लिहून दिलं होतं. दोर मी पाहिला नव्हता. मी विचारलं, आणि उत्तर मिळालं नाही तरी वाचलं. माझ्या शब्दावर लोक तराफ्यात बसले. ते वाक्य खोटं होतं. ही तीन पत्रं, त्यांवर कचेरीचे शिक्के आहेत. मी ती पटलावर ठेवते."

आवाज शेवटपर्यंत थरथरत होता. पुस्तकात लिहितात तशी काही त्यांना एकदम हिंमत आली नाही. पत्रं ठेवायला गेल्या तेव्हा त्यांतलं एक हातातून पडलं, ते शिपायाने उचललं. जागेवर येऊन बसल्या, आणि सभागृह रिकामं झालं तरी त्यांना उठता येईना.

ती कॅसेट मी ब्लाउजमध्ये घालून घरी नेली. नियमाविरुद्ध होतं. वृत्तांत छापून येईपर्यंत तीन दिवस जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराची कडी पुन्हा लावून बघायचे. कुणी आलं नाही. का आलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

नवव्या दिवशी बाईंना पक्षातून काढलं. जागा गेली. चौकशी बसली. कंत्राटदाराने जुन्याच दोराला वंगण फासून नवा म्हणून दाखवल्याचं निघालं. त्याचं काम गेलं. मंत्र्यांना दुसरं खातं मिळालं. पुढच्या पुराआधी सिलुंबाला खरोखरचा नवा दोर आला.

बाई गावी परतल्या. लोक त्यांना धीराची बाई म्हणायचे. त्या चिडायच्या. मला म्हणाल्या, "धीर कसला? मुशोकेबाबांनी पुन्हा तसा नमस्कार केला असता, तर मी जगले नसते. त्याची भीती त्या गाडीपेक्षा मोठी होती, एवढंच."

एका सकाळी मुशोकेबाबा त्यांच्या अंगणात आले. मी सुट्टीला गावी आले होते, तिथेच होते. भाषणाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. उताराला पहारेकरी नेमलाय, पण तो येत नाही, त्याबद्दल एक अर्ज लिहून द्याल का, म्हणाले. बाईंनी आधी विचारलं, तो येत नाही हे तुम्ही स्वतः पाहिलंय का. किती दिवस पाहिलंय. कोणकोणते वार. मग वही घेतली. अक्षर वाकडं आलं म्हणून पहिला कागद फाडला, दुसऱ्यावर लिहिलं आणि खाली हुद्दा न घालता नुसतं आपलं नाव घातलं.

अर्ज घेऊन आम्ही मोंगूच्या कचेरीत गेलो. दाराशी एक राखाडी गाडी उभी होती. कुणाचीही असेल. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, अंगावरचं कापड आवळून धरलं आणि म्हणाल्या, थांब जरा, पायांत बळ येऊ दे. अर्धा तास बसलो असू. मग त्या उठल्या आणि आत गेल्या.