चौदा डिग्रीचा बिट

"थकलो, भिया. बोला."

दार उघडलं की खालच्या काकांचं पहिलं वाक्य हेच. फोन उचलला तरी हेच. सकाळी सात वाजता पोहे आणायला निघालेला माणूस इतका थकलेला कसा, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण 'बोला' म्हटल्यावर ते समोरच्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. तुमच्याही शेजारी असं कोणी असेल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल.

मी नोकरीसाठी साताऱ्याहून इंदूरला आलो. पीथमपूरच्या एका कारखान्यात लोखंड कापायच्या कटरची तपासणी करतो. संध्याकाळी बसमधून उतरलो की जिना चढायचंही जिवावर येतं. काका-काकू खालच्या मजल्यावर राहायचे. काकांच्या चार पिढ्या इंदुरातल्या, म्हणून समोरचा प्रत्येक जण 'भिया', म्हणजे भाऊ. तीस वर्षं त्यांनी महूच्या प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवलं होतं. डव्हटेल सांधा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवून केलेला जोड, ही त्यांची खासियत. करवत आणि पटाशी, बस. खिळा नाही, स्क्रू नाही.

काकूंना काचबिंदू होता. नजर हळूहळू गेली आणि शेवटी नुसता उजेड-अंधार कळायचा. एकदा काका भाजी घेऊन परतले, तर काकू ओट्यापाशी उभ्या होत्या आणि पातेल्यातलं चहाचं पाणी आटून गेलं होतं. साखरेचा डबा सापडला नव्हता. "किती वेळ उभी होतीस?" तर म्हणाल्या, "फार नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी बाल्कनीत सागवान आणून टाकलं. नऊ खणांचं छोटं कपाट करायचं ठरलं. साखर, चहा, गोळ्या, सुई-दोरा, जे ते आपापल्या खणात.

चार खण झाले आणि काम थांबलं. मी विचारलं तर म्हणायचे, "लकडी गीली आहे अभी." लाकूड ओलं नव्हतं, त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बोलताना ते तो खिशात घालून ठेवायचे.

एका शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. "भिया, तुम्ही कटरवाले ना? राउटरचा बिट घ्यायचाय."

मला क्षणभर वायफायचा राउटर वाटला. त्यांनी पलंगाखालून लाकडाला खाचा पाडायचं यंत्र काढलं. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी दिलेलं. सोबत दातांचा साचाही होता. "हाताला लकवा होईल तेव्हा वापरीन, असं म्हणालो होतो पोरांना," ते म्हणाले आणि बिट, म्हणजे यंत्रात बसवायचं कापणारं टोक, माझ्या हातात दिला. कोणीतरी उसना नेऊन जाळून काळा करून आणला होता.

"धार लावून घेऊ," मी म्हटलं.

"धार लावली की बारीक होतो. साचा तोच राहतो. मग दात बसत नाहीत."

रविवारी आम्ही बाजारात गेलो. ऊन रणरणत होतं. पहिल्या दुकानदाराने तीन बिट काउंटरवर ठेवले. "सब एक ही है, मास्तरजी."

एकाचा दांडा जाड होता, त्यांच्या यंत्रात गेलाच नसता. दुसऱ्याचा उतार आठ डिग्रीचा, साच्याला हवा होता चौदाचा. तिसरा बरोबर वाटत होता. काकांनी जाडी मोजायला खिशातून कॅलिपर काढला. हात इतका हलत होता की त्याचे जबडे बिटावर टकटक वाजायला लागले. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. काकांनी कॅलिपर माझ्यापुढे धरला.

"तुम्ही बघा."

तीस वर्षं दुसऱ्यांचं माप तपासणारा माणूस. मी मोजलं. "बारा मिलिमीटर आहे, काका."

"पावणेतेरा पाहिजे. थोडा कमीच, पण बारा नाही."

दोन दुकानं आणखी झाली. मग ते एका बंद शटरच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "घरी जाऊ या? पुढच्या रविवारी येऊ."

"पुढच्या रविवारी हात याहून चांगला असेल का?"

मी हात देऊन त्यांना उठवलं. चौथ्या दुकानात, धुळीच्या डबीत, एकच मिळाला. बारा पूर्णांक सात. त्यांनी डबी शर्टच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावायला मला सांगितलं.

राउटरला दोन मुठी असतात. दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला की काकांची थरथर यंत्राच्या वजनात विरून जायची. पहिला सांधा सैल आला. बिट केसभर खाली घेतला, दुसरा घट्ट बसला. दहा दिवसांत पाच खण तयार झाले. एकाही दातात फरक नाही.

काकूंनी नवीन खणांवरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली. मग म्हणाल्या, "छान झालेत. पण सगळे सारखे आहेत हो. कुठला कुठला, कळायचं कसं मला?"

आधीच्या चार खणांचे दात त्या एव्हाना ओळखायला लागल्या होत्या. एकाचा जरा रुंद, एकाचा तिरका. यंत्राने मात्र चूक ठेवलीच नव्हती.

काका खाली बसले. कानस घेतली आणि प्रत्येक नव्या खणाच्या कडेला खाचा पाडायला लागले. एकाला एक, दुसऱ्याला दोन, असं पाचापर्यंत. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या. एवढं जमतं." खाचा वेड्यावाकड्या आल्या. काकूंनी त्या चाचपल्या आणि पाचही खण धडाधड सांगितले.

हिवाळ्यात काका गेले. दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

मुलगा पुण्याला चला म्हणतो, पण काकू अजून इथेच आहेत. परवा भेटायला गेलो. त्या गोळ्या काढत होत्या, बोट चार खाचांच्या खणावर होतं.

"इथे एक कुसळ राहिलं होतं लाकडाचं," त्या म्हणाल्या. "रोज टोचायचं. त्यांना नाही सांगितलं."

"काढून देऊ?"

"नाही. आता झालंय गुळगुळीत." आणि त्यांनी खण आत ढकलला.